औषधाच्या दोन जागा

रवळूबद्दल मी लिहावं, एवढा मी त्याला ओळखत नव्हतो. खासबागेत आमच्या वरच्या खोलीत तो अकरा महिने भाड्याने राहिला. गाव खानापूरकडचं, घरी भातशेती, बायको आणि आरोही नावाची मुलगी. त्याला काय आवडायचं, आईवडील होते की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही. आता लिहितो आहे तेही नीट आठवतंय की नाही, खात्री नाही.

तो संगणकाच्या कंपनीत होता. एका संगणकातली माहिती दुसऱ्याला कळावी म्हणून ती कोणत्या साच्यात पाठवायची, हे आधी लिहून ठेवतात. त्या साच्याला एक्सएमएल स्कीमा म्हणतात. वेबचे जगभर मानलेले नियम आहेत; साचा त्यांत बसतो का, हे रवळू तपासायचा. बाकीचे लोक तपासणीचा प्रोग्रॅम चालवायचे आणि हिरवी खूण आली की पुढे जायचे. रवळू साचा कागदावर छापून पुन्हा बघायचा.

मी कोर्टाच्या नक्कल शाखेत बत्तीस वर्षं होतो. तिथे रुजवात घ्यायची पद्धत होती. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं. हे एकदा बोलण्यात आलं, तर तो म्हणाला, "अण्णा, मग माझ्यासंगं बसा की. एकट्याचं डोळं फसत्यात."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दुपारच्या चहानंतर मी ते इंग्रजी नियम वाचायचो आणि तो साच्यावर पेन्सिल फिरवायचा. मला त्यातलं काही कळत नसे. माझे उच्चार ऐकून तो हसायचा. "असंच वाचा. समजलं की माणूस शब्द गाळतोय."

मार्चात इथल्या एका इस्पितळाचा साचा आला. सदलगा, निपाणीकडचे पेशंट पुढच्या उपचाराला राज्याच्या सीमेपलीकडच्या इस्पितळात जातात. त्यांची माहिती आता कागदाऐवजी संगणकातून जाणार होती. एक नियम वाचत असताना रवळूने मला थांबवलं.

"अण्णा, हितं दोन जागा हायत. पहिली चालू औषधांची. किती बी असू देत, नसली तरी चालतंय. दुसरी, पेशंटला न चालणाऱ्या औषधाची. आणि दोन्ही जागांचं नाव एकच, 'औषध'. आता एकच औषध आलं, तर कुठं बसवायचं?"

"दुसऱ्या जागी?"

"तुम्ही म्हंतासा दुसऱ्या. पलीकडचा संगणक म्हणंल पहिल्या. नियम काय सांगतोय, पुढं न बघता जागा ठरली पायजे. हितं ठरत न्हाय."

मला समजायला वेळ लागला. जे औषध माणसाला सोसत नाही, तेच पलीकडे त्याच्या रोजच्या औषधांत दिसणार होतं. डॉक्टर ते चालू ठेवणार होते.

त्याने कंपनीला कळवलं. त्याचे साहेब राघवेंद्र यांचा फोन आला. रवळूने तो स्पीकरवर ठेवला.

"रवळू, हिरवी खूण आलीया न्हवं? तुझ्या रवळनाथ देवाचा कौल सुद्धा एवढा येळ घेत न्हाय रं. सोमवारी चालू करायचंय. सही कर, न्हायतर दुसरा करंल. तू मग गावाकडं भात लाव."

फोन संपल्यावर रवळूने छापलेला साचा पुन्हा समोर ओढला. या नोकरीआधी आठ महिने तो बिनकामाचा होता. जूनमध्ये आरोहीला इथे आणून कॅम्प भागातल्या शाळेत घालायचं ठरलं होतं.

"अण्णा, तुम्ही काय केलं असतं?"

नक्कल शाखेत शेवटच्या वर्षांत मी न वाचता 'रुजवात घेतली' म्हणून सह्या केल्या आहेत. माणसं कमी, ढीग मोठा. कधी काही झालं नाही. निदान माझ्या कानावर आलं नाही. मी म्हणालो, "मी केली असती. तिकडे डॉक्टर असतात, ते बघतील."

त्याने सही केली. खाली शंका लिहिली. ती कोणी वाचली नाही.

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या रचनाचा त्याला फोन आला. सदलग्याची एक बाई पलीकडे गेली होती. तिला न चालणारं इंजेक्शनच तिला दिलं गेलं. दोन दिवस शुद्ध नव्हती, वाचली. नर्सची चूक म्हणून प्रकरण मिटवलं. हे सगळं रवळूने मला जिन्यात उभं राहून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "हे पहिलं."

मग त्याने दोन्ही इस्पितळांना पत्रं लिहिली. 'तपासत आहोत' असं उत्तर आलं. साचा तोच चालू राहिला. माझ्याशी तो नीटच बोलायचा, पण वाचायला पुन्हा बोलावलं नाही. मे महिन्यात नोकरी सोडून तो गावी गेला. त्याचा फोन आता लागत नाही. साचा बदलला का, हे मला माहीत नाही. कोणाला विचारायचं, तेही कळत नाही.

तो गेला त्याच आठवड्यात माझ्या बायकोला, वसुधाला, हृदयाच्या तपासणीसाठी पलीकडच्या त्याच इस्पितळात न्यायचं होतं. तारीख तीन महिन्यांपूर्वी मिळालेली. बदलून मिळत नव्हती. तिला सल्फाची गोळी चालत नाही. निघायच्या दिवशी टेम्पोत गादी चढवून रवळू फाटकाशी आला.

"आक्कांच्या पिशवीत कागद ठेवलासा न्हवं? हातानं लिवलेला?"

"ठेवलाय."

"मोठ्या अक्षरात?"

"होय."

"आणि एक लिवा अण्णा. तुमच्या खिशात ऱ्हाऊ दे."

"बरं. पोचल्यावर फोन कर."

"व्हय, करतो."