मशीनला मराठी जमत नाही म्हणे

लातूरच्या त्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायची आणि कॉम्प्युटरचंही बघायची. दर रविवारी टेस्ट. शेजारच्याचं बघून लिहू नये म्हणून एकाच पेपरचे चार संच, प्रश्न उलटसुलट केलेले. सोमवारी मार्कांवरून बाक मिळायचा: जास्तवाला पुढं, कमीवाला पार मागं भिंतीला. पोरं त्या भिंतीला जेवढी भ्यायची तेवढी बापालाही भीत नसतील.

संच पाडायचा प्रोग्रॅम मी घरी पायथनमध्ये लिहिला होता. प्रश्न साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. इंग्रजी बॅचचे पेपर झकास निघायचे. मग मराठी माध्यमाच्या बॅचची फाईल केली. घरी चारही संच सुरेख आले. शनिवारी सकाळी क्लासच्या मशीनवर चालवली, तर फाईल वाचायलाच प्रोग्रॅम आडवा.

क्लासचे मालक, म्हणजे आमचे सर, मागंच उभे होते. "मी म्हणलो नव्हतो का मॅडम? मशीनला मराठी जमत न्हाई. उद्या सगळ्यांना एकच पेपर, इंग्रजीत. हळूहळू ती बॅचच बंद करू. लई ताप हाय."

माझं डोकंच सणकलं. त्या बॅचमध्ये जवळच्याच मुरुड गावची एक मुलगी होती. फळ्यावर माझी चूक दिसली की बेधडक हात वर करणारी. घर्षणाचं गणित चुटकीसरशी सोडवायची, पण तेच इंग्रजीत आलं की प्रश्न वाचतानाच तिचा वेळ संपायचा. म्हणजे सोमवारी ती भिंतीला जाणार. आणि भिंतीला गेलेली पोरगी दोनेक महिन्यांत ट्रंक घेऊन गावाकडं जाते, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी स्वतः भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात मराठीतच शिकले. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, बाई शिकवायच्या, आम्ही शिकायचो. पत्र्याखाली विज्ञान जमत नाही असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. आता हे मशीन मला अक्कल शिकवणार होतं?

सरांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाला बोलावलं. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश भारत केला, भाषा मराठी केली. कोपऱ्यातली तारीख मराठीत आली. तो खूश. प्रोग्रॅम मात्र परत तिथंच मेला.

"बघा, आता तरी हट्ट सोडा," सर म्हणाले.

"न्हाई सोडत," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

पडद्यावर आलेला एरर मेसेज या वेळी नीट वाचला. त्यात 'सीपी १२५२' असं नाव होतं. शोधलं तर ती निघाली पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीची पद्धत. फाईलमध्ये अक्षरं नसतातच, आकडे असतात. कोणते आकडे म्हणजे कोणतं अक्षर हे ठरवणाऱ्या पद्धती अनेक. फाईल उघडताना मी पद्धत सांगितलीच नव्हती. आपण सांगितलं नाही की पायथन मशीनच्या सेटिंगला विचारतो. माझ्या घरचं लिनक्स सांगायचं यूटीएफ-८, त्यात मराठी आरामात बसते. क्लासचं विंडोज सांगायचं पश्चिम युरोप, आणि तारीख मराठीत आली तरी हे उत्तर बदलत नव्हतं. लातूरच्या पोरांचा पेपर युरोपच्या चष्म्यातून वाचायचा, मग अडणारच की. फाईल उघडायची तिथं आणि लिहायची तिथं मी स्पष्ट टाकलं: एन्कोडिंग यूटीएफ-८. आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

प्रिंटरमधून चारही संच बाहेर आले. सरांनी कागद उलटून पालटून बघितला.

"निघाले, चांगलं झालं. पण बॅच बंदच करू. पालकांना इंग्रजी लागतंय."

म्हणजे मशीन नुसता बहाणा होता. मी प्रिंटरपाशीच त्यांना अडवलं. "सर, तुम्ही कोणत्या भाषेत शिकून इथवर आलात?" ते परत कागद चाळायला लागले. "बंद करायची तर खुशाल करा. पण मशीनचं नाव पुढं करून न्हाई. पोरं शेजारच्या वर्गातच हायत. जा आणि तोंडावर सांगा, तुमची भाषा आम्हाला नको म्हणून."

सर तावातावानं निघाले. मी मागोमाग. वर्गात मुरुडची ती फळ्यापाशी उभी होती आणि बाकीच्यांना न्यूटनचा तिसरा नियम समजावून सांगत होती. अस्सल गावाकडच्या मराठीत, हातवारे करून. एकूण एक पोरगं ऐकत होतं. सर दारातच थांबले.

तिनं वळून बघितलं. "सर, काही सांगायचं हाय का?"

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"उद्याचा पेपर अवघड हाय," ते म्हणाले. "नीट तयारी करा."