ऑक्टोबरातला बर्फ आणि बिशानमधला स्वेटर

बर्फ मी कधी पाहिला नव्हता, पण बर्फाबद्दलची माझी मतं मात्र पक्की होती. तो नाताळाच्या आसपास पडतो. ऑक्टोबरात युरोपातली झाडं पिवळी होतात आणि लोक पातळ जॅकेट घालून त्यांच्याखालून फिरतात. हे सगळं मी कॅलेंडरवरच्या चित्रांवरून शिकले होते, आणि तेवढ्या भांडवलावर घरात हुकूम सोडत असे. माझ्या वाट्याची थंडी म्हणजे सिंगापूरच्या ऑफिसातली. बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी असा, की दुपारनंतर कीबोर्डवर बोटं चालत नसत. संध्याकाळी बिशान स्टेशनवरून चालत घरी आले, तरी बोटं गारच असायची. मग पंखा लावायच्या आधी मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायची.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मी त्यांना कुठल्याच कामाला हात लावू देत नव्हते. "आई, तुम्ही आराम करा हो," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, की आराम ही त्यांना शिक्षा वाटू लागली असणार. मला त्यांच्याविषयी माया होती, पण ती दाखवायची माझी रीत हीच, समोरच्याच्या हातातली विळी काढून घ्यायची. त्या बिचाऱ्या सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारख्या बसून राहत.

ऑक्टोबरात सहा आठवडे जर्मनीला जायचंय, असं नवऱ्याने जाहीर केलं आणि त्यांच्यात जीव आला. "तिकडे थंडी असेल. मी स्वेटर विणते," त्या म्हणाल्या. त्यांनी लेकाला पाठमोरं उभं केलं आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत ताणून त्याच्या पाठीचं माप घेतलं. टेप घरात होती, पण त्यांना ती नको होती. तो चाळिशीचा माणूस शाळकरी पोरासारखा निमूट उभा राहिला.

मग सुरू झालं विणकाम. बाहेर बत्तीस डिग्री, आणि मांडीवर गर्द हिरव्या लोकरीचा ढीग. बोटं आखडायची, म्हणून सकाळी आधी कोमट पाण्यात हात बुडवून बसायच्या. दुपारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बाकावर जाऊन विणायच्या. शेजारी एक चिनी आजी येऊन बसायची. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण टाका सुटला की ती आधी बोट दाखवायची. आमची लेक शाळेतून येता येता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "आजी, सो हॉट लाह. हू विल वेअर?" आजी म्हणायची, "तुझा बाबा. आणि मराठीत बोल."

स्वेटर झाला आणि लगेच त्या फराळाला लागल्या. दिवाळी लवकर होती, लेक तिकडे एकटा असणार. या खेपेला मात्र मी विळीही काढून घेतली नाही आणि झाराही. चकल्या, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, सगळं डब्यांत भरून त्यांनी कडेने चिकटपट्टी लावली. निघायच्या दिवशी मी बॅग कवेत घेऊन वजनकाट्यावर चढले. बॅग जड झाली होती. काहीतरी काढायला हवं होतं. फराळाला हात लावणं म्हणजे लेकाची दिवाळी काढून घेणं. बूट हवेत, कागदपत्रं हवीत. वर जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला स्वेटर होता. ऑक्टोबरात कसली आली आहे थंडी, असं म्हणून मी तो काढला आणि कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला. सासूबाई तेव्हा देवापाशी बसल्या होत्या. टॅक्सीपाशी मी नवऱ्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. तो नेहमीच बरं म्हणतो.

आठवड्याभरात बर्फ पडला. रविवारी संध्याकाळी नवरा लॅपटॉपवर दिसला, तेव्हा तिकडे दुपार होती. त्याने कॅमेरा खिडकीकडे वळवला. बाहेर सगळं पांढरं. झाडांची पानं अजून गळली नव्हती, त्यांच्यावर बर्फ साचून एक मोठी फांदी मोडून पडली होती. इथले लोकही चक्रावलेत, तो म्हणाला, इतक्या लवकर कधी पडत नाही म्हणे. त्याने हॉटेलातलं ब्लँकेट खांद्यावर ओढलं होतं.

सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला तिकडे बघवेना.

"बघ, मी म्हणत होते. स्वेटर कुठाय? घातला नाहीस?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून बोलायची वेळ आली की भलतंच बोलतो. "धुवायला टाकलाय," तो म्हणाला.

"मशीनमध्ये? गरम पाण्यात? अरे, आटेल तो. जा, आधी काढ जा. टॉवेलवर पसरून वाळव, टांगू नकोस. आणि उद्या मला घालून दाखव."

त्या रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही, त्यांच्या तोंडी तेच. आटला असेल का गं. बाह्या तरी आटल्या असतील. मी ऑफिसात गेले खरी, पण माझं लक्ष लागेना. बर्फाचं मला काही नव्हतं, तो तिकडे जाड कोट विकत घेऊ शकत होता आणि सोमवारी दुकानं उघडल्यावर त्याने तो घेतलाही. मला भीती होती ती सासूबाईंची. रागावतील याची नाही. या घरात येऊन त्यांनी मनापासून केलेली एकच गोष्ट मी कपाटात कोंबली होती, आणि ते त्यांना कळलं की त्या पुन्हा सोफ्याच्या कडेला जाऊन बसतील, याची.

संध्याकाळी मी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. स्वेटर कपाटात आहे, मी काढला, त्याची काही चूक नाही.

सासूबाई म्हणाल्या, "फराळ पोचला ना पण त्याला?" आणि आत गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी लागेल तेवढंच बोलल्या.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूवर, कपडे वाळत घालतो तिथे, हिरव्या लोकरीच्या ओल्या लडी लोंबत होत्या. अख्खा स्वेटर उसवला होता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी आधी चिडले.

"आई, राग आला असेल तर मला बोला. केलेलं काम असं उसवू नका."

"राग आला होता," त्या म्हणाल्या, "परवा. आता कुठे आहे? त्याने कोट घेतलाय. त्याच्या मापाचा स्वेटर तुला गोणपाटासारखा झाला असता."

"मला?"

"रोज संध्याकाळी येतेस आणि चहाचा कप धरून बसतेस. दोन महिने बघतेय मी. थंडी कुणाला वाजते ते मला उशिराच कळलं. वळ बघू."

मी वळले. त्यांनी माझ्या पाठीवर वीत ठेवली. आखडलेली बोटं पुरती ताणली जात नव्हती, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने करंगळी ओढून धरली आणि पुन्हा मोजलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यांचा हात माझ्या पाठीवर पहिल्यांदाच आला होता. मी ताठ उभी होते.

"श्वास सोड," त्या मागून म्हणाल्या. "अशी अंग चोरून उभी राहिलीस तर स्वेटर घट्ट होईल."

मी श्वास सोडला.