शेवटच्या बाकावरच्या बाई

माझा चित्रकलेचा वर्ग आणि घटनाबाईंचा नागरिकशास्त्राचा वर्ग यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे. पलीकडच्या निवडणुका, भाषणं आणि घोषणा यांनी वर्षानुवर्षं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या आहेत.

घटनाबाई हे पोरांनी ठेवलेलं नाव. शासन, निवडणुका, राष्ट्राध्यक्षांचे अधिकार हा भाग त्या पुस्तकातून शिकवतच नाहीत. वर्गाची घटना स्वतः लिहून भिंतीवर लावतात, दहावीची मुलं आपल्यातूनच राष्ट्राध्यक्ष निवडतात, आणि तो महिनाभर बाईंच्या खुर्चीत बसतो. कपाटाची किल्ली त्याच्याकडे, कोण बोलणार हे तो ठरवणार. बाई शेवटच्या बाकावर, गुडघे फळीला टेकवून. शिकवायचं असलं तरी हात वर करतात, आणि त्या पोराला चक्क अहो-जाहो करतात.

"घरीही तेच," त्यांचे यजमान मला एकदा म्हणाले होते. "जेवायला काय करायचं यावर मतदान. ही दरवेळी हरते आणि मुकाट्याने आमच्या आवडीचं रांधते."

मला ही सगळी थेरं वाटायची.

यंदा लंबू निवडून आला. उंच, बोलका, पोरांचा लाडका. थोड्याच दिवसांत वर्गात खडूंची मारामारी झाली आणि त्याने आणीबाणी जाहीर केली. मतदान बंद, प्रश्न बंद, राष्ट्राध्यक्ष सांगतील तोच नियम. घटनेत तशी सोय होती. खडू झाडून झाले, भांडणं मिटली, आणीबाणी मात्र उठेना. तेव्हा कुठे पोरांनी भिंतीवरचा कागद नीट वाचला. आणीबाणी लावायची कशी हे बाईंनी लिहिलं होतं. वर्गाने ती उठवायची कशी, हे लिहायचंच राहून गेलं होतं. ते कलम घालायचं तर मतदान हवं, आणि मतदान तर बंद. बाईंनी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"कान धरा आणि खाली ओढा त्याला," मी शिक्षकांच्या खोलीत बाईंना म्हणालो.

"कोणत्या कलमाखाली, सर?"

थट्टा असेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. चेहरा पार उतरला होता.

"चूक माझीच आहे," त्या म्हणाल्या. "पण मी ओढलं, तर पोरं एवढंच शिकतील की सत्ता शेवटी बाईंचीच होती, बाकी सगळा खेळ."

मुख्याध्यापिकांना हे पटलं नाही. धडे रखडले होते, पालक कुरकुरत होते. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "सोमवारी मी वर्गावर येणार. तुम्ही खुर्चीत दिसला नाहीत, तर पुढच्या वर्षी हा विषय दुसऱ्याकडे." बाईंची सगळी नोकरी त्या एका विषयात गेली होती.

सोमवारी पलीकडून आवाजच येईना. ज्या शांततेसाठी मी इतकी वर्षं भिंत बडवली ती मिळाली, आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. ओला ब्रश हातात घेऊन तसाच बाहेर आलो. मुख्याध्यापिका आधीच दाराशी उभ्या होत्या.

आत बोलायची परवानगी कोणी मागतच नव्हतं. मुलांनी आपापसात ठरवलं असावं. "तू बोल," लंबू पुढच्या मुलीला म्हणाला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्याने दुसऱ्याला सांगितलं. तोही गप्प. लंबूला घाम फुटला.

"बाई, तुम्ही तरी बोला," तो शेवटी म्हणाला.

बाई उठल्या. "आणीबाणी उठवावी, असं माझं मत आहे. निर्णय तुमचा."

"तुम्ही मला खुर्चीतून कधीही उठवू शकला असता."

"नाही," बाई म्हणाल्या. "मला तो अधिकार नव्हता."

लंबू बघतच राहिला. मीही. माझी हयात शाळेत गेली, पण पोरासमोर उभं राहून 'मला अधिकार नाही' म्हणणारं मोठं माणूस मी पाहिलं नव्हतं.

आणीबाणी उठली. मतदान झालं आणि राहून गेलेलं कलम भिंतीवर चढलं. मग लंबू खाली मान घालून किल्ली द्यायला आला. "तुम्हीच बसा खुर्चीत."

मुख्याध्यापिका दारातच होत्या. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्या क्षणी बसल्या असत्या, तर सगळं निभावलं असतं.

"तुमची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे," त्या लंबूला म्हणाल्या. "वर्गाने निवडलंय तुम्हाला. बसा." आणि शेवटच्या बाकाकडे परत गेल्या.

लंबू खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. आमच्या शाळेत मुख्याध्यापिकांनी कोणाला विचारून तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी दारातूनच हात वर केला.

"बोला, मॅडम," लंबू म्हणाला.

"हा विषय पुढच्या वर्षीही यांच्याकडेच ठेवावा म्हणते. तुमचं काय मत?"

लंबूने वर्गाकडे पाहिलं, मग शेवटच्या बाकाकडे.

"मी एकटा कसं सांगू?" तो म्हणाला. "मतदान घ्यावं लागेल."