खरूज न्हाई, निकेल

"हात मागं घे."

डॉक्टर मला म्हणाले. खुर्चीत एक मास्तरीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या दाताची कॅप घेऊन मी मागच्या लॅबमधून आले होते. बाई माझ्या बोटांकडं बघून राहिल्या. सुजलेली, चिरलेली बोटं. डॉक्टर हसून त्यांना म्हणाले, "मेंढरात वाढलेली आहे. यांच्यात खरूज असतेच."

चार वर्षं त्यांच्याकडं काम केलं होतं. तरी मी हात मागं घेतले.

आमी धनगर. बाप अजून कळमनुरीच्या माळावर मेंढरं घेऊन फिरतो. मेंढरात वाढले, हे खरं. पण तवा हाताला काही नव्हतं.

लॅब म्हंजे दवाखान्यामागं पत्र्याची खोली. धातू वितळवायचा, साच्यात ओतायचा, मंग मोटरवर घासून कॅप गुळगुळीत करायची. राखाडी पूड उडायची. नाकात, पापण्यांवर, भाकरीवर. पूड ओढणारं मशीन कोपऱ्यात बंद पडलेलं. दुरुस्त करा म्हणलं की डॉक्टर म्हणायचे, रुमाल बांध. खिडकीला खिळे ठोकलेले, कारण धूळ दवाखान्यात जायची.

सुट्टीत बोटं बरी व्हायची. कामावर गेले की पुन्हा फुटायची. तरी मी बी मनात म्हणायची, मेंढराचंच असंल.

मास्तरीणबाईंसमोर तसं झालं, मंग मी नांदेडला चामडीच्या डॉक्टरीणबाईकडं गेले. त्यांनी पाठीवर येगयेगळ्या धातूंच्या, औषधांच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या. एकाच पट्टीखाली लालभडक फोड. म्हणाल्या, "खरूज नाही ही. निकेल धातू बाधतोय. काम काय करतेस?" ऐकल्यावर त्यांनी छातीचा फोटो बी काढायला लावला.

लॅबमध्ये येऊन धातूचं पाकीट हातात घेतलं. इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. निकेल. चार वर्षं ती पाकिटं मी दातानं फाडली होती.

डॉक्टरांना तपासणीचा कागद दाखवला. त्यांनी दुसराच कागद पुढं केला. हा आजार मला पहिल्यापासून हाय, असं त्यात लिहिलेलं. सही कर, मशीन सुरू करतो, म्हणाले.

नवऱ्यानं सोडलेली मी. लेकरू शाळेत. दुसरं काम येत न्हाई, जवळपास दुसरी लॅब न्हाई. मी पेन घेतला बी. मंग वाटलं, सही केली तर आळ माझ्या मायबापावर येईल. त्यांच्या मेंढरांवर येईल. पेन खाली ठेवला.

"हे खोटं हाय, सर. मी सही करणार न्हाई."

"मग उद्या येऊ नको."

दोन दिवसांत माझ्या जागेवर वारंगा फाट्याची पोरगी बसली. मी तिला गाठून सगळं सांगितलं. ती मान खाली घालून म्हणाली, "ताई, मला बी काम पाहिजे." मी बी चार वर्षं तेच म्हणत होते.

छातीच्या फोटोत डाग निघाला. जिना चढले की धाप लागती. कामगारांच्या सरकारी कचेरीत या आजाराचा अर्ज घेऊन गेले, तर बाबू म्हणाला, दाताच्या लॅबचं आमच्याकडं येत नाही. मंग कुणाकडं येतं ते लिहून द्या, म्हणलं. त्यानं अर्ज माझ्याकडं परत सरकवला.

सरकवू दे. लिहून देईस्तोवर मी रोज जाऊन त्याच्या टेबलासमोर उभी राहणार हाय.