काचेतला फोटो

आमच्या घरात छत्तीस फोटोंचा एक रोल वर्षभर पुरायचा. पुरायचा म्हणजे पुरवायचा. होळीला चार, लग्नसराईत आठ-दहा, गणपतीत सहा, दिवाळीला पाच, आणि उरलेले ‘असू द्या, लागतील’ म्हणून राखून ठेवायचे. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा अप्पांचा नियम. अप्पा म्हणजे माझे वडील. अर्धा रोल धुवायला देणं त्यांना भरल्या ताटावरून उठण्यासारखं वाटे. त्यामुळे फोटो हातात येत तोवर त्यातल्या एखाद्या बाळाला दात आलेले असत आणि एखादी म्हातारी गेलेली असे. आमच्या आळीतल्या सगळ्याच वाडीवाल्यांची ही रीत होती.

आगाशीजवळ आमची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी होती. अप्पांच्या मालकीच्या वस्तूंत त्यांना सगळ्यात प्यारा त्यांचा कॅमेरा. दुसऱ्याला हात लावू देत नसत. म्हणूनच घरातल्या खोकाभर फोटोंत अप्पा जवळजवळ नाहीतच. आहे तो भिंगाच्या कडेला आलेला त्यांचा अंगठा, आणि दोन-तीन फोटोंत अंगणात पडलेली त्यांची सावली.

रोल धुवायला जायचा आगाशीच्या बाजारातल्या स्टुडिओत. स्टुडिओवाले काका अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. रोल ते पुढे लॅबला पाठवत, पण आमच्या लेखी फोटो काकाच काढून देत. निगेटिव्ह गावागावाप्रमाणे पाकिटांत घालून ठेवत आणि सगळ्यांच्या घरची लग्नं-बारशी त्यांना तोंडपाठ असत. दुकानाबाहेर काचेचं कपाट होतं. त्यात नवरानवरी, गुटगुटीत बाळं, असे मोठे करून लावलेले फोटो. बस यायला उशीर झाला की लोक ते बघत उभे राहत.

आता माझ्या फोटोची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, वसईला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. लग्नाचं बघणं चालू होतं. माझा एक फोटो जूचंद्रच्या एका स्थळाकडे गेला आणि सात महिन्यांनी परत आला. नकार आला त्याचं मला काही नव्हतं. पण फोटोवर, बरोबर माझ्या गालावर, चहाच्या कपाचा गोल डाग होता. कुणीतरी माझ्या तोंडावर कप ठेवून चहा प्यायलं होतं. मी तो फोटो अप्पांच्या पुढ्यात टाकला आणि रडले. रागाने रडले.

अप्पांनी डाग बघितला. मग म्हणाले, “बाय, माझा शब्द हाय. आजपासून तुझा फोटो कोनाच्या घरी जानार नाय. तुला इचारल्याबिगर नायच.”

अप्पा कमी बोलायचे आणि बोललेलं पाळायचे. मी निश्चिंत झाले.

पुढच्या वर्षी एकदा आगाशी-विरार बसमध्ये समोरच्या सीटवरच्या दोन बायका माझ्याकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि पुन्हा माझ्याकडे. शेवटी एकीला राहवेना. “गो, ती काचेतली तूच काय?”

मी पुढच्या थांब्यावर उतरून उलट्या बसने बाजारात आले. काचेच्या कपाटात, अगदी मधोमध, मी होते. मावसबहिणीच्या हळदीतला फोटो. पिवळं लुगडं, केसांत चाफा, आणि मान मागे टाकून दात दाखवत हसतेय. अप्पांनीच काढलेला. घरच्या माणसासमोर हसावं तसं मी हसले होते, आणि ते हसू आता शेंगदाणे खात बसची वाट बघणाऱ्या कुणालाही फुकट होतं. पार कळंबपासूनची माणसं त्या बाजाराला येत.

मी घरी गेले आणि अप्पांना ओढत घेऊन आले. ते वाटेत दोनदा म्हणाले, “जाव दे ना बाय.” मी म्हटलं, “का जाऊ दे? तुमच्या शब्दाचं काय?” ते चालत राहिले.

स्टुडिओत चार गिऱ्हाइकं होती. मी आवाज कमी केला नाही. “काका, आम्ही घरचे समजून तुमच्या हातात रोल देतो. आणि तुम्ही न विचारता माझा बाजार मांडता? कुंपणानंच शेत खाल्लं!” अजून बरंच बोलले. माझी जीभ तेव्हा आत्ताच्यापेक्षाही धारदार होती.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा मूग गिळून उभे. पासपोर्ट साइज फोटोंचा दरफलक वाचत होते. काकांनी कपाट मागून उघडलं, फोटो काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “चुकला बाय माझा.”

मला वाटलं, अप्पांना दोस्ताचा केवढा धक्का बसलाय. वाटेत मीच त्यांची समजूत घातली. माझं बोलणं आळीभर झालं, आणि लेकीसुनांचे फोटो नकोत काचेत म्हणून चार-पाच घरांनी काकांकडे रोल द्यायचं बंद केलं. मला त्याचं तेव्हा समाधान वाटलं होतं, हे लपवत नाही.

त्यानंतर मी ठरवलं, आपला रोल अशा माणसाने धुवावा ज्याने आपल्याला जन्मात बघितलेलं नाही. त्या सुमारास रविवारच्या पेपरात जाहिराती यायच्या: रोल पाकिटात घाला, टपालात टाका, फोटो घरपोच. मी तीन जाहिराती कापून ठेवल्या आणि नवरा निवडला नसता इतक्या बारकाईने त्या तपासल्या. एक कंपनी नवा रोल फुकट द्यायची, पण निगेटिव्ह स्वतःकडे ठेवायची. ती बाद. माझं हसू पुन्हा परक्याच्या कपाटात नको. दुसरी महिना लावायची. तिसरी निगेटिव्ह परत द्यायची आणि वर फोटो स्वतःच्या वेबसाइटवर चढवायची. पासवर्ड फक्त आपल्याकडे. सगळे फोटो छापून पोस्टाने घरी यायचे, हवा तो तिथे निवडून मोठाही करून मिळायचा. मी फोन लावून विचारलं, “हे फोटो दुसरं कुणी बघतं का?” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “नाही मॅडम, फक्त तुम्हीच.” मला अगदी हेच ऐकायचं होतं.

पहिला रोल झकास आला. मी अप्पांना विरारच्या सायबर कॅफेत नेलं, पासवर्ड टाकला आणि एकेक फोटो दाखवला. लाकडी फळीच्या आडोशाला आम्ही दोघं एकाच स्टुलावर अर्धे-अर्धे टेकलो होतो.

“हे कोन कोन बघतं?” अप्पांनी विचारलं.

“कुणी नाही. कुलूप आहे याला. काकांसारखं नाही.”

“चांगला हाय,” म्हणाले. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, कंप्युटर बघून दमले.

दुसरा रोल त्या पुढच्या वर्षाचा. त्या गणपतीत मी हट्टाने कॅमेरा हिसकावून घेतला आणि अप्पांचे चार फोटो काढले. केळीत उभे, चाफ्याखाली उभे, ओट्यावर बसलेले. तीन फोटोंत ताठ, आणि चौथ्याला आई काहीतरी बोलली तेव्हा खुदकन हसले. मी म्हटलं, हा मोठा करून घ्यायचा. रोल संपायला होळी उजाडली. अख्खं वर्ष पाकिटात घातलं आणि आगाशीच्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवलं.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आत चौतीस फोटो. कुणाची तरी मुंज. कुठलं तरी मंगल कार्यालय, कुठले तरी मामा, बटूच्या डोक्यावर अक्षता. एकही चेहरा आमचा नाही. निगेटिव्हही त्यांच्याच.

मी पत्रं लिहिली, तीन. त्या अनोळखी मुंजीचे फोटो परत पाठवले, की त्यांच्याकडे आमचे गेले असतील तर कळेल. फोन वाजत राहायचा. गोड आवाजाची मुलगी पुन्हा कधी भेटली नाही. सायबर कॅफेत पासवर्ड टाकला तर वेबसाइटच उघडेना, आणि मग पहिल्या रोलचे फोटोही तिथून गेले. आगीतून फुफाट्यात पडले होते मी, आणि तेही स्वतः जाहिरात कापून. केसाने गळा कापला म्हणावं तर कापणाऱ्याचं तोंडसुद्धा माहीत नाही.

अप्पा एवढंच म्हणाले, “आपल्या मानसाकडं हरवला असता तर जाऊन भांडता तरी आला असता.”

त्या वर्षी श्रावणात अप्पा गेले. सकाळी चाफा काढायला गेले आणि शिडीजवळ बसले ते उठलेच नाहीत. दहाव्या दिवशी आई म्हणाली, तेराव्याला फोटो लागेल. मी खोकं उपडं केलं. अंगठा, सावली, आणि त्यांच्या लग्नातला एक समूहफोटो, ज्यात त्यांचं तोंड हरभऱ्याएवढं. मतदार ओळखपत्रावरचा माणूस तर शेजारचा कुणीही म्हणून खपला असता. मी जमिनीवर बसून मोठ्याने त्या कंपनीला शिव्या घातल्या. चौथा फोटो, हसलेला, कुठल्या कचऱ्यात पडला असेल कुणास ठाऊक.

आई म्हणाली, “स्टुडिओत जा. काकांकडे असेल.”

“त्यांच्याकडे कुठून असणार? आणि मी त्यांच्या पायरीवर चढणार नाही.”

“असेल. मी सांगते ना.” ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी गेले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. काका म्हातारे दिसायला लागले होते. अप्पांचं त्यांना कळलेलं होतंच, अंत्ययात्रेत ते सगळ्यात मागे चालताना मी बघितले होते आणि मान वळवली होती. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी काउंटरवर हात ठेवले.

“बाय, दुसरा कंचाच नाय?”

“असता तर आले असते का?”

त्यांनी आमच्या गावाचं पाकीट काढलं आणि आतला एक फोटो माझ्यापुढे ठेवला. पांढरा शर्ट घातलेले अप्पा दुकानाबाहेर, काचेच्या कपाटाशेजारी उभे होते. उजवा हात काचेवर. हाताखाली हळदीतली मी, मान मागे टाकून हसतेय. आणि शेजारी अप्पा, तसेच, मान मागे टाकून, सगळे दात दाखवत. आम्ही दोघं सारखे हसतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“लावला त्या दिशी काढला,” काका म्हणाले.

“कुणी लावायला सांगितलं?”

काकांनी पाकीट बंद केलं. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, “त्याला घोर लागलेला तुझ्या लग्नाचा. मला म्हनला, फोटो कोनाच्या घरी धाडनार नाय असा शब्द दिलाय पोरीला. पन घरी नाय धाडायचा, लोक येऊन बघतील. शब्द मोडत नाय. मी म्हनलं, तिला इचार. तर म्हनला, इचारलं तर नाय म्हनेल.”

मला बसावंसं वाटलं, पण तिथे फोटो काढायचं ते एकच स्टूल होतं, मागे निळा पडदा असलेलं. मी त्यावरच बसले.

“मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? मी एवढी तोंडाला येईल ते बोलले.”

“तो बाजूला हुता ना,” काका म्हणाले. “त्यानं बोलायचा हुता.”

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात हलवला आणि विचारलं, साइज किती करू. म्हणाले, काच दिसणार नाही असा कापून देतो.

तेराव्याला फोटो हार घालून ठेवला. सगळे म्हणाले, किती छान, कसे मनापासून हसतायत, कधीचा गं? आई स्वयंपाकघरात निघून गेली. तिला सगळं ठाऊक होतं हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, आणि तीही बोलली नाही. आमच्या घरात मूग सगळ्यांनाच गिळता येतात.

काकांकडे रोल देणं मी पुन्हा सुरू केलं. आळीतल्या ज्या घरांनी बंद केलं होतं तिथेही गेले आणि काकांची चूक नव्हती असं सांगितलं. चूक कुणाची होती ते मात्र सांगता आलं नाही. मग लोकांनी आपापला अर्थ काढला, की मीच तो फोटो काचेत लावायला दिला असेन आणि नंतर लाजले असेन. मी तसंच राहू दिलं.

फोटो अजून भिंतीवर आहे. कंपनीवरचा माझा राग केव्हाच विरला, परक्यांवर किती दिवस रागावणार. अप्पांवरचा जात नाही. चाफा फुलला की मी त्यांना हार घालते, आणि घालताना दर वेळी नजर उजव्या हाताकडे जाते. तो मनगटापाशी संपतो. काकांनी तिथे कात्री लावली. पंजा जिथे टेकला होता तिथे मी होते, आणि मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं.