उतू गेलेलं दूध

काचबिंदूचा थेंब घालून मी डोळा मिटला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून बसले. तेवढ्यात करपलेल्या दुधाचा वास आला, आणि मी थेट सांगवीच्या आमच्या जुन्या घरात पोचले.

तिथं आई अशीच बसली होती, डोळा मिटून, कोपरा दाबून. चुलीवर म्हशीचं दूध वर येत होतं. मी अंगण सारवत होते. "आई, दूध बघ," म्हणून ओरडले, पण ती हलली नाही. दूध निखाऱ्यांवर सांडलं, घरभर धूर झाला. मी चिडले, "चार पावलांवर तर होतीस."

"दोन मिनिटं व्हायची व्हती," ती शांतपणे म्हणाली. "उठली असती तर औषध घशात उतरलं असतं. म्हस सांच्याला परत दूध दील. गेलेली नजर कोण देणार हाय?"

मला तो हट्ट वाटला. उजव्या बाजूचं तिला तेव्हाच दिसेनासं झालं होतं, हे फार उशिरा कळलं.

"आत्या, दूध गेलं की, आन तुमी हितंच?" सून दारात उभी होती.

मी बोट काढलं नाही. म्हटलं, "जाऊ दे. अजून एक मिनिट हाय."