थंड गाडीला दिलेली रेस

मोठा भाऊ आणि मी, दोघांत मिळून एक जीप होती. दारव्हा ते दिग्रस सवाऱ्या न्यायचो, एक दिवस तो, एक दिवस मी. थंडीत भाऊ जीप चालू करून जागेवरच उभी ठेवायचा. बोनेटला हात लावून ऊब आल्याची खात्री झाली की मगच निघायचा, आणि सुरुवातीला बैलबंडीच्या चालीनं न्यायचा. सवाऱ्या वैतागायच्या. भाजीवाली एक म्हातारी तर रोजच म्हणायची, "काहून बाप्पा, आंघोळीचं पानी तापवून राह्यला का?"

"ऑइल वर चढू द्या मावशी. तुमाले झोपेतून उठवून कोनी पळवलं, त पळान का?"

"मी त उठल्यावरबी पळत नाही," म्हातारी म्हणायची, आणि गाडीत हसू पसरायचं.

मीही हसायचो. मला ते सगळं भाऊचं खूळ वाटायचं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कडाक्याची थंडी, बाजाराचा दिवस, पाळी माझी. दुसऱ्या एका जीपवाल्यानं माझ्यासमोरून सवाऱ्या उचलल्या आणि जाताना हात हलवून म्हणाला, "तापव तू, तापव." मी चावी फिरवली आणि तशीच थंड गाडी दाबली. चढावावर त्याला मागं टाकलं. चढ संपता संपता इंजिनातून आवाज आला, डब्यात खडे हलवावे तसा. मी पाय काढला. बाकीचा दिवस हळूहळू चालवून काढला आणि संध्याकाळी गाडी अंगणात लावली. जेवताना भाऊनं विचारलं, "गाडी बरी हाय ना?" मी म्हणालो, "हाय ना. तिले काय होते."

माझ्या पोरीची बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा दुसऱ्याच दिवशी यवतमाळला होती. तिची एसटी चुकली. मी शेतावर होतो. भाऊनं तिला जीपमध्ये बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी न तापवता निघाला. अर्ध्या रस्त्यात इंजिन जाम झालं. पोरगी रडत रस्त्यावर उभी होती. एका दुधवाल्यानं मोटरसायकलवर नेऊन सोडलं, तेव्हा कुठं तिची परीक्षा झाली.

मेकॅनिकनं इंजिन खोललं. "थंडं असताना रेस देल्ली. बेअरिंग खाल्ले. पन हे एका सकाळचं काम वाटत नाही मले."

मी लगेच बोललो, "इंजिन जुनंच होतं."

त्या संध्याकाळी भाऊ माझ्यासमोर येऊन बसला. "एकच दिवस तापवली नाही म्या," तो म्हणाला. "माफ कर मले." वयानं मोठा माणूस, मला माफ कर म्हणत होता. मी म्हणालो, "जाऊ दे भाऊ." मी त्याला माफ केलं.

जीप भंगारात गेली. भाऊनं स्टेअरिंगला पुन्हा हात लावला नाही. कोणी ट्रॅक्टरसाठी बोलावलं तरी नाही म्हणायचा, माझ्या हाताचा भरोसा नाही म्हणायचा. मी मात्र दुसऱ्याची जीप चालवत राहिलो. रोज सकाळी ती नीट तापवून.

पोरगी आता नोकरीला आहे. गेल्या आठवड्यात तिनं जुनी कार विकत आणली आणि चावी भाऊपुढं धरली. "मोठेबाबा, पयले तुमीच चालवा." त्यानं हात मागं घेतला. "नको बाई. माह्या हातानं तुही परीक्षा बुडत होती." पोरगी हसली. तिला ती गंमत वाटली.

त्याच दुपारी मी त्याच्या वावरात गेलो. तो तूर पाहत होता. मी सगळं सांगितलं: चढाव, आवाज, जेवतानाचं उत्तर. मला वाटलं, सात वर्षं गाडी सोडल्याचं तो काहीतरी बोलेल. शिव्या देईल. त्या ऐकायची तयारी करूनच गेलो होतो.

त्यानं तुरीची एक शेंग मोडून पाहिली. मग म्हणाला, "आवाज आलता तुले?"

"हो."

"अन् रात्रभर चूप राह्यला. सकाळी तुह्यीच पोरगी त्या गाडीत बसली. उतारावर जाम झाली असती त?"

याची तयारी मी केली नव्हती. एसटी चुकेल हे मला ठाऊक नव्हतं, पण आवाज आलेला ठाऊक होता. तो शेताच्या कडेच्या धुऱ्याकडे चालू लागला. चालता चालता म्हणाला, "तिले तू सांग. मी नाही सांगनार."

पोरगी परवा परत जाणार आहे. कार अंगणात उभी आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही.